जुन्या मालाचा भाव आणि त्यावरचा कर

आपल्या घरात एकदा नजर फिरवून पाहा. दुकानातून कोऱ्या आणलेल्या वस्तू किती, आणि दुसऱ्याच्या हातून आलेल्या किती? विहिरीवरची मोटर चुलत्याकडून आली. शिवणयंत्र जुनंच घेतलं. मोटरसायकल कराडच्या व्यापाऱ्याकडून आणली. तिच्या पाटीवर एम. एच. ५० असं लिहिलं आहे. सासूबाईंची बोरमाळ सुनेच्या गळ्यात आली. जुनी वस्तू घेण्यात कमीपणा काही नाही. वस्तू धड असेल तर जुनी घेणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

पण जुना माल घेताना एक पंचाईत होते. नव्या मालाची किंमत खोक्यावर छापलेली असते. जुन्याची किंमत तोंडी ठरते. तासभर घासाघीस करून भाव एकदाचा जुळतो, आणि मग व्यापारी हळूच म्हणतो, "आणि वर जीएसटी." इथं माणूस गप्प बसतो. सरकारचं नाव आलं की आपण बोलायचं थांबतो. असं गप्प बसणं कधी कधी पाच-पाच हजारांना पडतं. म्हणून आम्ही हा पाठ लिहिला आहे. पाठात हिशेब आहेत. पेन्सिल घेऊन बसा.

प्रथम हा कर कुठून आला ते थोडक्यात सांगतो. जुनी माणसं अजून 'विक्रीकर' म्हणतात. आपल्याकडे, म्हणजे त्या वेळच्या मुंबई प्रांतात, विक्रीकर १ ऑक्टोबर १९४६ पासून सुरू झाला. पुढे १९५९ चा नवा कायदा आला. तो १ जानेवारी १९६० पासून लागू झाला. त्याच साली महाराष्ट्र राज्य झालं, आणि त्याच साली दक्षिण सातारा जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं. १ एप्रिल २००५ पासून विक्रीकर जाऊन 'व्हॅट' आला. १ जुलै २०१७ पासून बहुतेक मालावरचा व्हॅटही गेला आणि जीएसटी, म्हणजे वस्तू व सेवा कर, आला. नावं बदलत गेली. पण व्यापाऱ्यानं माल विकला की कर लागतो, ही मूळ गोष्ट राहिली.

आता कळीची गोष्ट पाहू. नव्या मालावर कर कसा लागतो? कारखानदार माल विकतो, तो कर लावतो. मोठा व्यापारी पुढे विकतो, तोही लावतो. पण त्यानं कारखान्याला जो कर दिला होता, तो त्याला वजा मिळतो. अशी साखळी आपल्या दारापर्यंत येते. शेवटी सगळा कर आपण भरतो. वस्तू घरात आली की साखळी तुटते. आपण काही व्यापारी नाही. आपल्याला काही वजा मिळत नाही.

चार वर्षांनी ती वस्तू आपण जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला विकली. त्यानं ती दुसऱ्याला विकली. आता जर सगळ्या किमतीवर पुन्हा कर बसवला, तर एकाच वस्तूवर दोनदा कर झाला. तीच वस्तू पुन्हा विकली गेली तर तीनदा. हे बरोबर नाही, हे कायदा करणाऱ्यांनाही कळतं. म्हणून जुन्या मालासाठी वेगळा नियम केला आहे. व्यापाऱ्यानं वस्तू घेतली केवढ्याला आणि विकली केवढ्याला, या दोन आकड्यांची वजाबाकी करायची. जो मधला फरक येईल, तेवढ्यावरच कर. बाकी किमतीवर नाही.

मोटरसायकलचं उदाहरण घेऊ. समजा, व्यापाऱ्यानं एका शेतकऱ्याकडून गाडी ३०,००० रुपयांना घेतली. धुतली, पुसली, तेल बदललं. ३८,००० रुपये भाव ठरवला. मधला फरक ८,००० रुपये. जुन्या गाडीवर कराचा दर १८ टक्के आहे. ८,००० चे १८ टक्के म्हणजे १,४४० रुपये. गाडी गिऱ्हाइकाला ३९,४४० रुपयांना पडली.

आता दुसरी तऱ्हा बघा.

"शेठ, ह्यो कर कशाचा वो?"

"अहो दादा, अठरा टक्के सरकारचा. अडतीस हजारावर अठरा टक्के. आमच्या हातात काय आहे?"

३८,००० चे १८ टक्के होतात ६,८४० रुपये. खरा कर १,४४० रुपये. म्हणजे ५,४०० रुपये जादा गेले. हे ५,४०० सरकारकडे जातात का? व्यापाऱ्यानं मधल्या फरकावर कर भरला असेल, तर नाही. ते त्याच्या गल्ल्यात राहतात. ५,४०० रुपये मिळवायला तुम्हाला किती दिवस शेतात राबावं लागतं, ते तुमचं तुम्ही मोजा. सगळेच व्यापारी असे नसतात. पुष्कळ जण सरळ हिशेब करतात. पण दादांनी बोट ठेवून विचारलं असतं, "शेठ, सगळ्या किमतीवर का मधल्या फरकावर?" तर एवढ्यानंच पुष्कळ काम झालं असतं.

इथं एक गंमत आहे. सचोटीचा व्यापारीसुद्धा जुन्या मालावरचा कर वेगळा सांगायला नाखूश असतो. का बरं? कर कळला की त्याचा नफा कळतो! कर १,४४० आणि दर १८ टक्के. मग १,४४० ला १८ नी भागा आणि १०० नी गुणा. आले ८,०००. गिऱ्हाईक लगेच म्हणणार, "एका गाडीमागं आठ हजार खाता व्हय?" म्हणून शहाणा व्यापारी कर धरूनच एकच आकडा सांगतो. आमच्या मते आपल्यालाही तेच सोयीचं आहे. बोलणी सुरू करतानाच म्हणावं, "शेठ, सगळं धरून एकच भाव सांगा. मागून काही चढवायचं नाही." घासाघीस त्या एकाच आकड्यावर करावी.

व्यापाऱ्याला वस्तू तोट्यात विकावी लागली तर? ३०,००० ला घेतलेली गाडी २८,००० ला गेली. फरक उलटा पडला. मग कर काही नाही. पण दुसरी बाजूही ऐका. गाडीच्या दुरुस्तीला त्यानं हजार रुपये घातले, तर ते या वजाबाकीत धरत नाहीत. घेतल्याची किंमत आणि विकल्याची किंमत, हे दोनच आकडे.

या नियमाला अटी आहेत. माल होता तसाच विकला पाहिजे. पुसणं, तेलपाणी, किरकोळ दुरुस्ती चालते. पण वस्तूचं रूपच बदललं, तर फरकाचा नियम गेला; मग पुऱ्या किमतीवर कर. तसंच, एखाद्या कारखान्यानं कराचं बिल देऊन जुनं यंत्र विकलं आणि व्यापाऱ्यानं तो कर वजा करून घेतला, तर त्यालाही पुढे पुऱ्या किमतीवर कर लावावा लागतो. त्याची साखळी तुटलेलीच नसते.

आणि आपण स्वतः विकणारे असलो तर? हे नीट लक्षात ठेवा. घरच्या माणसानं घरची वापरलेली वस्तू विकली, तर त्यानं जीएसटी द्यायचा नसतो. शेजाऱ्याला विका नाही तर व्यापाऱ्याला विका. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. तिथं सगळ्या जुन्या गाड्यांना १८ टक्क्यांचा एकच दर ठरला. त्याआधी मोटरसायकली आणि लहान गाड्यांना १२ टक्के होता. नवा दर १६ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्या वेळी पुष्कळांचा समज झाला की, आपली जुनी गाडी विकली तरी सरकार १८ टक्के घेणार. तसं नाही. हा कर नोंदलेल्या व्यापाऱ्याला आहे, आणि तोही फरकावर. म्हणून गाडी विकत घेताना कोणी म्हणालं, "तीस हजारातून जीएसटी कापून देतो," तर कापू देऊ नका. तुमच्याकडून कापायचा असा कर नाहीच.

साखर कारखान्यानं जुनी जीप लिलावात काढली, तर मात्र कर लागतो, कारण कारखाना नोंदलेला असतो. जीपची किंमत वर्षावर्षाला झिजवत झिजवत हिशेबात १ लाखावर आणली असेल आणि लिलावात १ लाख ३० हजार आले, तर वरच्या ३०,००० वर १८ टक्के, म्हणजे ५,४०० रुपये. लिलावात बोली बोलताना हे मनात धरून बोलावं.

आता खरा अवघड प्रश्न. कर व्यापारी भरतो हे खरं. पण तो पैसा शेवटी जातो कोणाच्या खिशातून? १२ टक्क्यांचे १८ झाले, तेव्हा आपल्या उदाहरणातल्या मोटरसायकलवरचा कर ९६० वरून १,४४० झाला. ४८० रुपये वाढले. गिऱ्हाइकाला गाडीची नड असेल, तर ते ४८० तो देतो. पण गिऱ्हाईक अडून बसलं, "एकोणचाळीस हजारावर एक रुपया देणार नाही," असं म्हणालं, तर व्यापारी काय करील? पुढची गाडी घेताना विकणाऱ्याला ३०,००० ऐवजी साडेएकोणतीस देईल. म्हणजे कर वाढला व्यापाऱ्यावर आणि भाव पडला शेतकऱ्याचा. कायद्यात तुमचं नाव नाही, तरी झळ तुम्हाला लागते. ज्याची नड मोठी, त्याच्याकडे कर सरकतो. बाजाराचा हा स्वभावच आहे. त्यात राग धरण्यासारखं काही नाही. पण नडीच्या दिवशी गाडी विकायला काढू नये, हे मात्र आम्ही सांगू. तीन ठिकाणी भाव विचारावा आणि मगच द्यावी.

ओळखीच्या माणसाला परस्पर विकली, तर करही नाही आणि व्यापाऱ्याचा नफाही नाही. मग माणसं व्यापाऱ्याकडे का जातात? कारण तो रोख देतो, कागद करून देतो, आणि घेणाऱ्याला दहा गाड्या एका जागी बघायला मिळतात. परस्पर व्यवहार केलात, तर कागदांची जबाबदारी तुमची. नमुना २९ आणि नमुना ३० भरून सातारा, कराड किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात गाडी नावावर करून घ्या. विकणाऱ्यानं १४ दिवसांच्या आत कळवायचं असतं. नाहीतर गाडी दुसऱ्याची आणि दंडाची चिठ्ठी तुमच्या घरी!

नव्या मालावरचा कर बदलला की जुन्याचा भावही हलतो. हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नेहमीच्या मोटरसायकलींवरचा, म्हणजे ३५० सी.सी. पर्यंतच्या, कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. ट्रॅक्टर, सायकल आणि शिवणयंत्र यांच्यावरचा १२ चा ५ झाला. समजा, मोटरसायकलची कराशिवाय किंमत ७०,००० रुपये. आधी ती ८९,६०० ला पडत होती. आता ८२,६०० ला. ७,००० रुपये उतरले. ज्यानं ऑगस्टमध्ये ८९,६०० मोजून गाडी घेतली आणि दिवाळीला विकायला काढली, त्याला गिऱ्हाईक काय म्हणेल? "कोरीच मिळते ब्याऐंशीला. तुमची जुनी काय भावानं देता?" गाडी तीच. एक खरचटा नाही. तरी भाव पडला. याउलट, उद्या नव्या मालावरचा कर वाढला, तर गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जुन्या गाडीचाही भाव चढेल.

सोन्याची गोष्ट वेगळी, आणि आपल्या भागाला ती जवळची आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, तसंच साताऱ्याकडचे माण आणि खटाव हा सारा दुष्काळी टापू. रानात पिकेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायचं काम शिकली आणि देशाच्या बहुतेक राज्यांत जाऊन बसली. जुने दागिने मुशीत वितळवायचे, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. याला गलाईचा धंदा म्हणतात. कितीतरी गावांत घराघरातला एक माणूस या धंद्यात आहे. जुन्या मालाचा एवढा मोठा व्यापार आपल्याच माणसांच्या हातात आहे, याचं आम्हाला कौतुक वाटतं.

सोन्यावर कर ३ टक्के. पण तो कशावर, हे तुम्ही दागिन्याचं काय करता त्यावर आहे. घरचा दागिना नुसता विकायचा असेल, तर तुमच्याकडून कर घ्यायचा नसतो. सराफ घट मात्र कापतो. घट म्हणजे डाग, लाख, भेसळ यांचं वजन. टंच काढून जेवढी खरी घट येईल तेवढी कापणं योग्य आहे. घट निराळी आणि कर निराळा. दोन्ही एका दमात सांगितले, तर त्याला थांबवा आणि वेगवेगळे लिहून मागा.

सराफानं तुमची बोरमाळ ६०,००० ला घेतली, उजळली आणि तशीच दुसरीला ६३,००० ला विकली, तर फरक ३,००० चा. त्यावर ३ टक्के म्हणजे ९० रुपये. पण तीच बोरमाळ मुशीत गेली आणि तिची लगड झाली की ती बोरमाळ राहिली नाही. रूप बदललं. मग लगड विकताना पुऱ्या किमतीवर ३ टक्के.

मोड देऊन नवा दागिना घेताना बायका हमखास फसतात, कधी कधी सराफानं न फसवताही. मोडीचे आले ६०,०००. नवा दागिना मजुरीसकट १ लाखाचा. वहिनी मनात हिशेब करतात, वरचे ४०,००० द्यायचे, त्यावर ३ टक्के म्हणजे १,२००. पिशवीत ४१,२०० घेऊन जातात. सराफ मागतो ४३,०००. वहिनींना वाटतं लुबाडलं. पण इथं सराफाचा हिशेब बरोबर आहे. नवा दागिना पुऱ्या १ लाखाला विकला गेला. मोड ही पैशाच्या जागी दिली. म्हणून कर १ लाखावर, ३,००० रुपये. हा नियम सोन्यालाच आहे असं नाही. जुना मोबाइल देऊन नवा घेतला, तरी असंच.

आपलंच सोनं देऊन नुसता दागिना घडवून घेतला, तर कर फक्त मजुरीवर, ५ टक्के. मजुरी ८,००० असेल तर ४०० रुपये. घरात भरपूर जुनं सोनं असेल आणि सोनार विश्वासाचा असेल, तर ही वाट स्वस्त पडते. मात्र देताना वजन आणि टंच चिठ्ठीवर लिहून घ्यायला विसरू नका. तोंडचा शब्द मुशीत विरघळतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मोडका नांगर भंगारवाल्याला घातला, तर तुमच्याकडून कर नाही. (लोखंडी नांगर जुना किर्लोस्करचा असेल, तर आधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. कोणाच्या तरी आजोबांनी तो नांगर मोठ्या हौसेनं आणला असेल.) दारावर बोहारीण येते, जुन्या लुगड्यावर पातेलं देते, तिच्याशी कराचा वाद घालू नका. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर त्याला जीएसटीची नोंदणी सहसा लागत नाही. छापील पुस्तकावर कर नाही, नव्यावर नाही आणि जुन्यावरही नाही. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार बैल घेतलात, तर त्यावरही कर नाही. तिथं उपरण्याखाली बोटं धरून काय सौदा होतो, ते तुमचं तुम्ही बघा!

आता बिल वाचायला शिकू. तुम्हाला अक्षरं येतात, आकडे येतात. मग बिल घडी घालून खिशात टाकू नका. वर दुकानदाराचा जीएसटी नंबर असतो. त्यात १५ आकडे-अक्षरं असतात. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते. नंबर नसेल, तर त्या दुकानदाराला कर मागायचा अधिकारच नाही. तो म्हणेल, "नंबर काढायचाय अजून." तर आपण म्हणावं, "काढा, मग कर मागा." खाली कर दोन ओळींत लिहिलेला असतो. एक ओळ केंद्र सरकारची, एक राज्याची. दोन्हीत रक्कम सारखी. आपल्या मोटरसायकलच्या बिलात ७२० आणि ७२० असं दिसेल. या दोन ओळींची बेरीज करा आणि ती कशाचे किती टक्के येते ते पडताळून पाहा.

हिशेब जमतो का, ते बघायला एक उदाहरण देतो. इस्लामपूरच्या बाजारात एका व्यापाऱ्यानं जुनं शिवणयंत्र एका बाईकडून ३,००० रुपयांना घेतलं. पट्टा तुटला होता, तो २०० रुपये घालून बदलला. यंत्र ४,२०० रुपयांना विकलं. शिवणयंत्राचा दर ५ टक्के. कर किती?

उत्तर ६० रुपये आलं तर बरोबर. २१० आलं असेल, तर तुम्ही पुऱ्या किमतीवर कर धरलात. मागं जाऊन मोटरसायकलचा हिशेब पुन्हा वाचा. ५० आलं असेल, तर तुम्ही पट्ट्याचे २०० वजा केलेत. व्यापाऱ्याला तसं करता येत नाही.